तिसरा गियर

हर्षलने बाबांना न विचारता पिकअपच्या मागच्या चाकांना फिरवणारे गियर बदलून घेतले. जुन्या गियरवर गाडी कितीही ओझं मुकाट ओढायची, पण होशंगाबाद रोडला साठच्या पुढे नुसती बोंबलायची.

"अब भागेगी," मिस्त्री म्हणाला, "पर खींचेगी कम. और घाट उतरते वक्त इंजन पहले जैसा नहीं रोकेगा. तीसरे को अब पुराना चौथा समझो."

गाडीला कुणी हात लावलेला बाबांना खपत नसे. सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. हर्षलने गाडी गुपचूप दारात आणून लावली.

चार दिवसांनी दुपारी तो इंदूरहून भोपाळला, बाग सेवनियातल्या घरी परतला, तर दारात पिकअप नव्हती. शर्वरीताईची भोपाळला बदली झाली, म्हणून आई-बाबा तिचं सामान आणायला सकाळीच पचमढीला गेले होते.

त्याने घाईघाईने फोन लावला. आईने उचलला.

"निघालो रे. कपाटं, पलंग, सगळं भरलंय. आत्ताच घाट उतरायला लागलोय."

"आई, बाबांना सांग, दुसरा गियर टाका. आत्ताच्या आत्ता!"

आई हसली. "त्यांना तू गियर शिकवतोस? तीस वर्षं तिसऱ्यावरच घाट उतरतायत, ब्रेकला पाय लावत नाहीत. पण आज गाडी काय पळतेय रे! हे भलतेच खूश आहेत. तू काही करून घेतलंस का?"