स्टेशनवरचं दूध

घरं दाखवणारी बाई त्यांना स्टेशनवर सोडून गेली, तेव्हा ठमीने बूट काढून हातात घेतले होते आणि धाकटा आजीच्या खांद्यावर झोपून गेला होता.

शहराकडे परतणारी गाडी यायला वेळ होता. नवरा, बायको, आजी आणि ठमी अशी चौघं फलाटावरच्या बाकावर टेकली. परक्या देशात येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता. कंपनीने दिलेली तात्पुरती जागा आता सोडायची होती. त्याची नोकरी शहरात, सकाळी लवकर सुरू होऊन रात्री संपणारी, पण मुलं लहान असतील तर राहावं याच गावात, असं ज्याने त्याने सांगितलं होतं. शाळा चांगली, रस्ते शांत, गाडीने तासाभरात ऑफिस. बाईने दोन घरं दाखवली. एक स्टेशनासमोरचं, अरुंद, वरखाली दोन-दोन खोल्यांचं. दुसरं गावाच्या पार टोकाला, मागे बाग असलेलं. त्याला आणखी एक गिऱ्हाईक होतं. आजच काय ते कळवायचं होतं.

“बागवालंच ना?” बायकोने विचारलं. विचारलं कसलं, मनातल्या मनात तिने तिथे पडदेही लावून टाकले होते.

“तेच. मुलांना मोकळं होईल.”

“पण तिथून पहिली गाडी गाठायची म्हणजे तू अंधारातच निघणार.”

“सायकल घेईन. तुम्ही झोपलेले असतानाच सटकेन. उगीच कोणाची झोपमोड नको.”

“आणि येशील तेव्हा ही दोघं पुन्हा झोपलेली.”

“रविवार आहे की,” तो म्हणाला.

नातवाची मान नीट करत त्याची आई म्हणाली, “तुझ्या बाबांचंही असंच होतं. पहाटेची गाडी.”

“असंच कुठे? बाबा निघायचे तेव्हा आम्ही टक्क जागे असायचो. तुझ्या त्या दुधापायी!” तो हसला आणि बायकोकडे वळला. “तुला सांगितलंय का कधी? ही मला आणि ताईला काळोखात उठवायची. चला, स्टेशनवर दूध आणायला. झोपेतच स्वेटर, उलटीसुलटी माकडटोपी. अख्खी गल्ली ढाराढूर आणि आमची वरात रस्त्यावर. मी किटली वाजवत पुढे, ताई बाबांच्या बोटाला. बाबा हत्तीची गोष्ट सांगायचे. पोस्टात कामाला लागलेला हत्ती. सोंडेने तिकिटं ओली करून चिकटवायचा. साहेबाच्या टकलावरसुद्धा एकदा चिकटवलं होतं.”

ठमी बूट खाली ठेवून ऐकायला लागली होती.

“मग?”

“मग स्टेशनाच्या पायऱ्या यायच्या. गोष्ट तिथेच थांबायची. बाबा गाडीत आणि आम्ही दुधाच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी हत्ती तिथूनच पुढे.” तो आईकडे वळला. “मला इतका राग यायचा तुझा! घरी रतीब का नाही गं लावलास कधी?”

“लावलेला होता की.”

“काय?”

“गवळी रोज यायचा. आपण बाहेर पडल्यावर. शेजारच्या काकू घेऊन ठेवायच्या.”

“मग स्टेशनवरच्या दुधाचं काय करायचीस?”

“दही लावायचे. घरात दही किती असायचं, आठवत नाही?”

त्याला जोरात हसू आलं आणि मध्येच थांबलं. सकाळी दही, रात्री दही. दह्याला नाक मुरडलं म्हणून ताईने खाल्लेला धपाटासुद्धा त्याला आठवला.

“मग कशाला न्यायचीस आम्हाला?”

“अरे, हे परत यायचे तेव्हा तुम्ही निजलेले. मग दिवसात उरायचं काय? तेवढा रस्ताच ना.” तिने पदराने बाळाचं तोंड पुसलं. “नुसतं बाबांना पोचवायला चला म्हटलं असतं, तर यांनीच तुम्हाला उठवू दिलं नसतं. ‘झोपू दे गं लेकरांना’ म्हणायचे. दूध म्हटल्यावर कोणाला काही बोलता येईना.”

“बाबांना कळलं होतं?”

“काय माहीत. एकदा म्हणाले, ‘दही फार होतंय गं आपल्याकडे.’ मी म्हटलं, ‘होऊ दे.’ नंतर विषय काढला नाही त्यांनी.”

रस्त्यापलीकडच्या त्या अरुंद घराकडे बघत तो बायकोला म्हणाला, “हे समोरचंच घेऊ या?”

“झाड होतं रे त्या बागेत,” ती हळूच म्हणाली. “झोपाळा बांधता आला असता.”

“हो.”

तिनेही समोर पाहिलं. त्या घराच्या दारातून फलाट स्वच्छ दिसणार होता. “पहाटेसाठी ठमीला जाड कोट घ्यावा लागेल,” असं म्हणून तिने पर्समधून फोन काढला आणि घरं दाखवणाऱ्या बाईचा नंबर शोधू लागली.

“अरे, रुळांशेजारी कुठे राहता?” आई म्हणाली. “दिवस उगवायच्या आधीपासून खडखडाट. पोरांची झोप मोडेल.”

“मोडू दे.”

आईने त्याच्याकडे पाहिलं.

पलीकडच्या फलाटावर एक गाडी येऊन थांबली. थोडी माणसं चढली, दारं लागली. गाडीत त्यांच्या ओळखीचं कोणीच नव्हतं. तरी ती हलली तशी आजीने ठमीचा हात धरून वर केला, आणि शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत ती तो हलवत राहिली.