काकांची गल्ली

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत, डॉर्टमुंडच्या आमच्या गल्लीत बाप कमी आणि काकाच जास्त होते. आघाडीवर नवरा मारला गेलेल्या बाईनं पुन्हा लग्न केलं की तिची पेन्शन बंद, म्हणून आमच्या आया लग्नच करायच्या नाहीत. घरात राहायला आलेल्या माणसाला पोरांनी काका म्हणायचं आणि शेजाऱ्यांनी गप्प बसायचं.

आमचे आल्फोन्स काका खाणीत होते. बाबांच्या सपाता त्यांना अगदी बरोब्बर बसल्या होत्या.

मी अकरा वर्षांची असताना एका रविवारी बेल वाजली. दारात हाडांचा सापळा झालेला माणूस, अंगात रशियातल्या कैद्यांचा कापूस भरलेला कोट. मी लगेच ओळखलं. काळी फीत लावलेल्या फोटोतून तो रोज आम्हाला जेवताना बघायचा.

"इर्मगार्ड?" त्यानं माझं नाव घेतलं.

"कोण आलंय गं?" आल्फोन्स काकांनी आतून विचारलं.

आई माझ्यामागं येऊन उभी राहिली. तिनं त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.



"कोणी नाही. हे काका घर चुकलेत. दार लाव, बाळा."