दोनशे वाक्यं

सेमी इंग्रजी शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांना वर्गात बोलता यावं म्हणून अक्षताने इंग्रजी वाक्यांची पुस्तिका केली. तीन महिन्यांत तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. आज गोवंडीच्या शाळेत तिच्यासमोर भीमराज सरांनी अपूर्णांक शिकवताना पुस्तिकेतलं एकही वाक्य चुकवलं नाही.

"इज इट क्लिअर?"

"येस सर!" अख्खा वर्ग ओरडला.

मग फळ्यावरचं गणित मात्र एकालाही सुटलं नाही.

बाहेर येताच अक्षताचा पारा चढला. "कळलं नाही तर विचारायचं ना! तोंडं शिवलीयेत का यांची?"

"पूर्वी मी मराठीत शिकवायचो तेव्हा विचारून विचारून भंडावून सोडायची, मॅडम." सरांनी पुस्तिका तिच्या हातात ठेवली. "यात माझी दोनशे वाक्यं आहेत. पोरांना तुम्ही एकच दिलंय, 'येस सर'."