ओदेतच्या वाट्याचं झाड

भावजयीने, मिरेयने, भांडी सारून टेबलावरचा कपडा ओढून काढला आणि ओदेतचा घास हातातच राहिला.

"कसं आहे नवं टेबल?" मिरेयने विचारलं. "अख्ख्या बुंध्याच्या दोन फळ्या! सुतार म्हणत होता भोकं बुजवू या. मीच म्हटलं, राहू देत. आपल्याकडे मेपलचा पाक खायला येणारी शहरातली माणसं त्या भोकांचेच फोटो काढत बसतात."

ईस्टरचं जेवण चाललं होतं. ओदेत सहा वर्षांनी भावाच्या घरी आली होती. शेरब्रुकला आजारी नवऱ्याचं अंथरूण सोडून तिला हलताच येत नव्हतं. शरदात नवरा सुटला, आणि खरं सांगायचं तर तीही सुटली.

फळीच्या मधोमध तळहाताएवढा निळा-काळा डाग होता. मेपलच्या लाकडात लोखंड राहिलं की असा डाग पडतो. तिथल्या कडीला बाबा घोडी बांधायचे. पुढे ती कडी झाडाने गिळून टाकली. मेपलचं सगळं रान तिच्या भावाच्या, रेजाँच्या, नावावर करताना बाबांनी दारातलं हे एक झाड मात्र लेकीला दिलं होतं. कागद नव्हता, नुसता शब्द होता, आणि रेजाँने तेव्हा मान डोलावली होती.

"हे माझं झाड," ओदेत म्हणाली. "सरपण केलं म्हणाला होतास ना?"

"करणारच होतो. पण खोड चांगलं निघालं. म्हटलं, जाळायचं कशाला?" रेजाँने हॅमचा एक तुकडा तिच्या बशीत टाकला. "वाळूनच गेलं होतं ते, तू शेवटची येऊन गेलीस त्याच हिवाळ्यात. फोन केला होता मी तुला. खा, गार होतंय."

फोन केला होता खरा. त्या दिवशी ती पोटभर रडली होती. भाऊ बिचारा किती समजूत काढत होता!

ओदेतने फळीवरून हात फिरवला. पाकासाठी झाडाचा रस काढायला बाबांनी हातगिरमिटाने पाडलेली भोकं रुंद, तिचं बोट आत जाईल एवढी. पण सालीच्या कडेला तीन भोकं वेगळी होती, पेन्सिलीएवढी बारीक. रसासाठी नळ्या लावायच्या तर अशी भोकं पाडतात, आणि या रानात नळ्या आल्या त्या ती गेल्यानंतर. प्रत्येक बारीक भोकाच्या वर-खाली लांब तपकिरी पट्टा उतरला होता. जखमेभोवती असं काळवंडायला झाड जिवंत असावं लागतं.

"रेजाँ, ही बारीक भोकं कोणी पाडली?"

रेजाँचा चाकू थांबला.

"मेलेल्या झाडाला भोक कोण पाडतं रे?"

मिरेय दोघांकडे आळीपाळीने बघू लागली. "पण तू तर म्हणालास, ओदेतनेच तोडायला सांगितलंय. लोकांच्या गाड्या लावायला जागा होईल म्हणून..."

"तू गप्प बस!"

ओदेतच्या अंगाची लाही लाही झाली. परका असता तर तिने दोन शिव्या हासडून मन मोकळं केलं असतं. इथे पाठच्या भावाने केसाने गळा कापला होता, आणि वर त्याच लाकडावर तिला जेवायला वाढलं होतं.

"एवढं काय गं त्यात!" रेजाँ उसळला. "तुझ्या वाट्याचं मी काही खाल्लं नाही. झाड उभं होतं तोवर दर वसंतात तुला पाकाचा डबा पाठवला की नाही? कुठला होता तो? तुझ्याच झाडाचा. चमचाभरही मागे ठेवला नाही. विचार हिला!"

ओदेतला ते डबे आठवले. भावाने आपल्यातलं काढून पाठवलंय, असं सांगून ती तो पाक नवऱ्याला चमच्याने भरवायची. त्याला दुसरं काही गिळवतच नव्हतं.

तिने बशी बाजूला सारली.

"दर वसंतात फोन करून मी तुझे आभार मानायची, रेजाँ," ती म्हणाली. "आणि दर वेळी तू म्हणायचास, आभार कसले मानतेस, भाऊच आहे ना मी तुझा?"