चिमीचं जिरेनियम

फुलझाडांच्या प्रदर्शनातल्या कार्डावर हिनं झाडाचं वय आठ वर्षं लिहिलं आणि लावणाऱ्याचं नाव चिमी. चिमी आमची लेक. दवाखान्यात शेवटची गेली, त्याच्या आदल्या दिवशी तिनं हे जिरेनियम लावलं होतं.

परीक्षकबाईंनी खोड चाचपलं. “आठ वर्षांत याचं लाकूड झालं असतं हो. हे जेमतेम वर्षाचं असेल.”

त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या, तशी ही खाली मान घालून म्हणाली, “अहो, चिमीचं झाड गेल्या वर्षी वाळलं. माझंच दुर्लक्ष झालं. तुम्हाला सोसवलं नसतं, म्हणून गुपचूप रंग जुळवून दुसरं आणलं.”

&nbsp;

हिच्या हातून वाळलं, तेही मी असंच गुपचूप रंग जुळवून आणलेलं होतं. चिमीचं चार वर्षांपूर्वीच माझ्या हातून गेलं होतं.