प्रगत वर्ग

भारती नागापूरच्या कॉलनीतल्या बायकांना आसनं शिकवायची. आता तिला रीतसर योगशिक्षिका व्हायचं होतं. "अहो, गुरुजी म्हणतात, आधी प्राथमिक वर्ग करा, तुमची मान अजून शीर्षासनाला तयार न्हाई," नाव नोंदवायच्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली. सम्राट हसला. "तुला समदं येतंय की! नवशिक्यांत कशाला बसतीस? प्रगत वर्गालाच जा." नवऱ्याच्या कौतुकानं ती सुखावली आणि तिनं प्रगत वर्ग घेतला. दुसऱ्याच आठवड्यात शीर्षासन करताना तिचा तोल गेला आणि सगळा भार मानेवर आला. दवाखान्यात सम्राट तिच्या उशाशी बसून राहिला. "माझ्यामुळंच झालं हे," तो सासूला म्हणाला. संध्याकाळी भारतीनं डोळे उघडले. "अहो, लई भीती वाटतीय. जरा हात धरा ना माझा." सम्राटनं खाली पाहिलं. तिचा हात त्यानं दुपारपासून घट्ट धरलेला होता.