सगळ्याला हो

"नाना, दोन मिनिटं हलू नका," असं म्हणून केतकीने एंटर दाबलं. नाना मटार सोलत बसले होते.

पक्षाघातानंतर नानांची स्मृती डोक्यातल्या चिपमार्फत कंपनीच्या सर्व्हरवरून चालायची. ती सेवा काल कायमची बंद झाली. केतकीने आठवड्यापूर्वीच सगळं घरच्या मशीनवर हाताने उतरवून घेतलं होतं. मग अशाच इतर घरांसाठी तिने हेच काम आपोआप करणारी इन्स्टॉल स्क्रिप्ट लिहिली. म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारून गोंधळात टाकायचं नाही, म्हणून प्रत्येक प्रश्नाला 'हो' हे उत्तर तिने आधीच भरून ठेवलं. पाच कोऱ्या मशीनवर ती बिनचूक चालली. आज घरी फक्त नवी आवृत्ती चढवायची होती.

पडद्यावर ओळी उमटल्या.

'जुना डेटा सापडला. पुसून नव्याने बसवायचं? हो.'

कोऱ्या मशीनवर हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

'आवाज पुसले. चेहरे पुसले. जुना बॅकअप पुसला. नाती पुसत आहे…'

केतकीने कशीबशी स्क्रिप्ट थांबवली. नाती वाचली होती. मागे वळायची तिची हिंमत होईना. मटार सोलल्याचा आवाज थांबला होता.

"नाना?"

नाना तिच्याकडे निरखून बघत राहिले. ती पुन्हा पुन्हा पडद्याकडे वळून बघतेय, हे त्यांच्या लक्षात आलं.

"घाबरू नका, बाई," ते हळूच म्हणाले. "मशीनचं काही बिघडलं असेल तर माझी केतकी येईलच एवढ्यात. तिला यातलं सगळं कळतं."